एक शब्द, अनेक क्रिया

इंग्रजी उताऱ्यांत 'रन्' हा शब्द दिसला कीं आमचे बहुतेक विद्यार्थी डोळे झांकून 'धांवणें' असें लिहितात. मग उत्तरपत्रिकेंत गौतमी नदी पावस गांवांतून धांवूं लागते, पूर्णगडचा रस्ता धांवतो आणि भिंतीवरचें घड्याळहि मागें राहत नाहीं! आपल्या बोलण्यांत नदी वाहते, रस्ता जातो, घड्याळ चालतें, कच्चा रंग उतरतो. निवडणुकीची गोष्ट तर गमतीचीच आहे. अमेरिकन उमेदवार तेथें 'धांवतो'; इंग्रज उमेदवार मात्र आपल्याप्रमाणें उभा राहतो.

समानार्थी शब्दांचीहि हीच कथा. 'फ्लो' नदीस शोभतो, घड्याळास नाहीं; 'मॅनेज' दुकानास चालेल, नदीस कसा चालेल? मोल्सवर्थ व कँडी ह्यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालीं निघाला. असा कोश अर्थांची रास पुढें मांडतो. निवड वाचणाऱ्यानेंच करावयाची असते. ती करितांना वाक्याचा कर्ता कोण तें आधीं पाहावें, व त्याच्याविषयीं घरीं काय बोलतात तें आठवावें.

म्हणूनच पालकांस आमची विनंति आहे कीं, आपणांस इंग्रजी येत नाहीं असें म्हणून त्यांनीं मुलांच्या अभ्यासाजवळून उठूं नये. विहिरीचें पाणी 'रन्स ड्राय' म्हणजे काय, हें मुलास अडलें, तर त्यानें एवढेंच विचारावें, "आई, वैशाखांत विहिरीचें काय होतें ग?" ती म्हणेल, "आटते." भाषांतर झालें.