नव्या पात्राला आधी वेशीवर थांबू द्या

बंगळुरातल्या मराठी माणसांना आठवड्यातून एकदा एकत्र बसायचं असलं की पहिला प्रश्न रस्त्याचा येतो. व्हाइटफील्डचा माणूस संध्याकाळी जयनगरला यायला निघाला तर सिल्क बोर्डच्या चौकात त्याचा निम्मा उत्साह संपतो. म्हणून आमच्या गटाचा रोलप्ले सुरुवातीपासून डिस्कॉर्डवरच चालत आला. एकजण इलेक्ट्रॉनिक सिटीतून लिहितो, दुसरी मल्लेश्वरमहून, एक बेळगावहून. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, त्याच्या तोंडून बोलायचं, त्याच्या हातून जे घडेल ते लिहायचं. कुणाच्या प्रयत्नाला यश येईल की नाही हे ठरत नसेल तर फासे टाकायचे. कथेचा तोल सांभाळायला एक सूत्रधार असतो. आमच्या गटात ते काम माझ्याकडे आहे.

आमची कथा याच शहरात घडते, पण 1640 नंतरच्या दशकात. 1638 मध्ये रणदुल्लाखानाच्या विजापुरी फौजेने तिसऱ्या केंपेगौडाकडून बंगळूर घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. त्या काळातली मातीची तटबंदी, वेशी, तरगुपेटेतला धान्याचा बाजार, बळेपेटेतल्या बांगड्यांची दुकानं, आज जिथे मॅजेस्टिकचा बसस्टँड आहे तिथलं धर्मांबुधी तळं. एवढ्या जागेत आमची माणसं वावरतात. तरगुपेटेत धान्याचं दुकान चालवणारी एक विधवा, उत्तरेच्या वेशीवरचा पहारेकरी, दफ्तरातला एक तरुण कारकून, तळ्यावरचा एक म्हातारा कोळी. कुणीच मोठं नाही. त्यामुळेच त्यांच्या आयुष्यात काय होतंय याची आम्हाला काळजी वाटू लागली.

या खेळाने बऱ्याच गोष्टी सोसल्या आहेत. ऑफिसचे रिलीज, मुलांच्या परीक्षा, दोन खेळाडूंमधलं भांडण, मधले कोरडे महिने. यातून खेळ प्रत्येक वेळी सावरला. तो खरोखर बंद पडायच्या बेतात आला तो एका नव्या पात्राच्या प्रवेशामुळे. दुसऱ्या गटांतल्या सूत्रधारांशी बोलताना हीच तक्रार ऐकते, म्हणून घडलं ते सविस्तर सांगते.

एक नवा खेळाडू आला. वाचलेला, भाषा उत्तम, वागायला नम्र. त्याने पाठवलेलं पात्रही देखणं होतं: एक पट्टेबाज, मोठ्या घराण्यातला पण ओळख लपवलेला, सहा मुलखांत फिरलेला, बापाच्या खुनाचा सूड मनात धरलेला. पूर्वकथा चार पानांची. ती वाचून गटातल्या सगळ्यांनी कौतुक केलं आणि तो त्याच रात्री खेळात उतरला.

त्या रात्री धान्यवाली आणि पहारेकरी यांचा प्रसंग चालू होता. तिने एक खलिता कणगीत लपवला होता. तो कुणाचा, तिच्याकडे कसा आला, हे ती पहारेकऱ्याला सांगणार की नाही, या एका प्रश्नाभोवती त्या दोन खेळाडूंनी कित्येक आठवडे प्रसंग विणले होते. ती सांगायच्या बेतात होती. तेवढ्यात पट्टेबाज माळवदावरून खाली उतरला, एका फटक्यात त्याने पहारेकऱ्याची तलवार उडवली, कणगीत हात घातला, खलिता बाहेर काढला आणि त्यात काय आहे ते मला ठाऊक आहे असं जाहीर केलं. हे सगळं एका संदेशात. लेखन म्हणून तो परिच्छेद आजही मला चांगला वाटतो.

धान्यवालीने दुसऱ्या दिवशी काही लिहिलं नाही. पहारेकऱ्याने दोन ओळी लिहिल्या आणि तोही थांबला. समोरासमोरच्या खेळात कुणी नाराज झालं तर चेहऱ्यावर दिसतं. लिहून खेळताना नाराजी शांततेतून येते, आणि शांततेला कामाचा व्याप, प्रवास, तब्येत अशी शंभर कारणं देता येतात. शेवटी मी धान्यवाली खेळणाऱ्या मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, "अगं, मी रागावले नाहीये. पण मला आता तिथे करायला काही उरलंच नाही."

तिच्या या एका वाक्यातून मला पुढचं सगळं उमगत गेलं. त्या खेळाडूचा हेतू वाईट नव्हता. त्याने आपलं पात्र एकट्याने, कादंबरीतल्यासारखं पूर्ण करून आणलं होतं. कादंबरीत ते शोभतं, कारण बाकीची पात्रंही त्याच लेखकाची असतात. इथे प्रत्येक पात्राला स्वतंत्र मालक आहे, आणि पूर्ण झालेल्या माणसाला दुसऱ्या कुणाची गरज लागत नाही. त्याला माहिती हवी नव्हती, मदत नको होती, भीती नव्हती. मग इतरांनी त्याच्याशी बोलावं तरी कशासाठी? 1973 साली पॉला स्मिथ यांनी 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांच्या लिखाणाचं विडंबन म्हणून मेरी सू नावाची साडेपंधरा वर्षांची लेफ्टनंट रंगवली. सगळं येणारी, सगळ्यांना आवडणारी. तेव्हापासून असल्या पात्राला जगभर तेच नाव पडलं आहे. पण मला वाटतं, सर्वगुणसंपन्न असणं हा त्या पात्राचा खरा दोष नाही. बलाढ्य पात्रंही गटात चालतात. ज्याला काही कमी नाही, ते चालत नाही.

आपल्याकडे पात्राच्या प्रवेशाचं शास्त्र फार जुनं आहे. संस्कृत नाटकाच्या परंपरेत असा संकेत आहे की सूचना मिळाल्याशिवाय पात्राने रंगावर यायचं नाही. 'शाकुंतला'ची प्रस्तावना आठवा. नटीच्या गाण्याने मी असा ओढला गेलो, जसा हरणामागे दुष्यंत राजा, असं सूत्रधार म्हणतो आणि लगेच रथावरचा दुष्यंत हरणाचा पाठलाग करत येतो. प्रेक्षकाच्या मनात त्याची जागा आधी तयार होते, मग तो तिथे येऊन उभा राहतो. कोकणातल्या दशावतारात लिखित संवाद नसतात. खेळाआधी कथानक ठरतं आणि पुढचं नट रंगमंचावर उत्स्फूर्तपणे बोलतात. तरीही कोण कधी येणार हे सगळ्यांना पक्कं माहीत असतं. बोलणं मोकळं सोडायचं असेल तर येणं-जाणं बांधलेलं असावं लागतं.

कर्नाटकात राहून मला आणखी एक गोष्ट मिळाली ती ताळमद्दळे. यक्षगानाचाच हा बैठा भाऊ. वेश नाही, नाच नाही. भागवत पद गातो आणि बसलेले अर्थधारी आपापल्या पात्राच्या तोंडून उत्स्फूर्त वाद घालतात. आमच्या खेळाला इतकं जवळचं दुसरं काही मी पाहिलेलं नाही, कारण इथेही केवळ शब्दांवर माणूस उभा करायचा असतो. त्या बैठकीत मुरलेला अर्थधारी समोरच्याचं म्हणणं पूर्ण ऐकतो आणि त्याच्याच मुद्द्याला धरून उत्तर देतो. समोरच्याच्या वतीने तो बोलत नाही. आमच्या पट्टेबाजाने तलवार उडवली तेव्हा तो पहारेकऱ्याच्या वतीने बोलला होता. रोलप्लेमध्ये याला गॉडमोडिंग म्हणतात. उपाय सोपा आहे: आपण फक्त प्रयत्न लिहायचा. 'मी त्याच्या मनगटावर वार करतो' इथे थांबायचं. तलवार पडली की नाही, हे पहारेकरी लिहील, नाहीतर फासे ठरवतील.

खलित्यात काय आहे हे पट्टेबाजाला कळलं ते त्याच्या खेळाडूने जुने संदेश वाचल्यामुळे. खेळाडूला ठाऊक असलेलं पात्राला ठाऊक नसतं, ही मर्यादा नव्या माणसाकडून नकळत ओलांडली जाते, कारण गटात सामावण्यासाठी तो मन लावून मागचं सगळं वाचून येतो. वाचून यावंच. फक्त उतरण्याआधी एका कागदावर लिहून काढावं: माझ्या पात्राने स्वतःच्या डोळ्यांनी काय पाहिलं, कुणाकडून काय ऐकलं. बाकी सगळं त्याच्यासाठी घडलेलंच नाही.

आता चांगला प्रवेश कसा होतो तेही सांगते. काही महिन्यांनी बेळगावची एक मुलगी गटात आली. तिने पात्र पाठवलंच नाही. आधी विचारलं, "ताई, तुमच्या पात्रांपैकी कुणाचं काय अडलंय?" धान्यवालीचं अडलं होतं, तिचा माल वेळेवर येत नव्हता. त्यावरून ठरलं की नवं पात्र लमाणांच्या तांड्यातलं असेल, बैलांच्या पाठीवरून धान्य-मीठ वाहून आणणारं. मग आम्ही घाई केली नाही. एका प्रसंगात कारकून म्हणाला की यंदा तांड्याला उशीर झालाय. दुसऱ्यात कोळ्याला तळ्याकाठी एक मोकाट बैल दिसला. तिसऱ्यात पहारेकऱ्याला रात्री लांबून घुंगरांचा आवाज आला. त्यानंतर ती वेशीवर आली. पहिल्या संदेशात तीन ओळी होत्या: पायाला धूळ, हातात तुटलेलं दावं, आणि पहारेकऱ्याला एक प्रश्न, "दादा, कपाळावर पांढरा ठिपका असलेला बैल इकडून गेला का?"

या तीन ओळींत किती गोष्टी होत्या पाहा. तिला काहीतरी हवं होतं. ते मिळवायला दुसऱ्या पात्राशी बोलावं लागणार होतं. उत्तर तिने स्वतः दिलं नव्हतं. आणि बैल कोळ्याकडे असल्यामुळे त्यालाही प्रसंगात यायला निमित्त मिळालं. ती कोण, तांडा सोडून एकटी का, हे तिने सांगितलं नाही. ते विचारावंसं आम्हाला वाटलं, आणि दर वेळी थोडं थोडं मिळत गेलं. पूर्वकथा लिहिणाऱ्यांना म्हणूनच माझं सांगणं असतं: हवी तेवढी लांब लिहा, पण ती स्वतःजवळ ठेवा. गटाला पाच-सहा ओळी द्या. त्यात एक गरज, एक उणीव आणि आधीच्या एका पात्राशी असलेला एखादा धागा असू द्या. तो धागा त्या पात्राच्या खेळाडूला विचारूनच बांधा. कुणाचा परस्पर हरवलेला भाऊ होऊ नका.

बंगळुराच्याच इतिहासात अशा प्रवेशाचा एक नमुना आहे आणि तो मला फार आवडतो. जयराम पिंड्ये हा कवी शहाजीराजांच्या दरबारी आला. त्याच्या 'राधामाधवविलासचंपू'त, जो इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी संपादून प्रसिद्ध केला, ती हकिकत आहे. त्याने राजांपुढे बारा नारळ ठेवले. बारा का, असं विचारल्यावर मला बारा भाषांत कविता करता येते असं त्याने सांगितलं. मग दरबारातून त्याला समस्या घातल्या गेल्या आणि त्या पुऱ्या करत त्याने आपली जागा मिळवली. म्हणजे त्याने कुतूहल वाटेल अशी एक खूण ठेवली, विचारलं जाईपर्यंत तो थांबला आणि नंतर इतरांनी दिलेली ओळ पुरी करून दाखवली. आमच्या गटात आता नव्या माणसाने पहिले काही प्रसंग हेच करायचं असतं. स्वतःचं कथानक काढायचं नाही, इतरांनी अर्धवट सोडलेलं पुढे न्यायचं.

सगळा भार नव्यावर टाकणं मात्र न्याय्य नाही. जुनी पात्रं एकमेकांतच बोलत राहिली तर वेशीवरचा माणूस दिवसभर उभा राहतो. आमचा नियम असा की नव्याच्या पहिल्या संदेशाला एका दिवसात कुणीतरी पात्रातूनच उत्तर द्यायचं आणि त्याला परत एक प्रश्न विचारायचा. रंगात आलेला प्रसंग चालू असेल तर सूत्रधाराने नव्यासाठी वेगळ्या जागी वेगळा प्रसंग उघडावा. बाजार, पाणवठा, देऊळ, जिथे कुणीही येऊ शकतं अशी जागा बरी. आणि पात्र मंजूर करण्याआधी सूत्रधाराने एकच प्रश्न विचारावा: याच्या येण्याने दुसऱ्या कुणाला काय करता येईल?

ऐतिहासिक खेळ असेल तर आणखी एक जपायला हवं. शहाजीराजे, जिजाऊसाहेब किंवा बालशिवाजी हे आमच्याकडे कुणीही पात्र म्हणून घेत नाही. त्यांचा उल्लेख येतो, त्यांची आज्ञा येते, पण ते स्वतः प्रसंगात येत नाहीत. ज्यांच्याविषयी लोकांच्या मनात भक्ती आहे त्यांच्या तोंडी आपली वाक्यं घालायची नाहीत, आणि ज्याच्या शब्दापुढे बाकीच्यांना बोलताच येत नाही असं पात्र खेळालाही जड जातं.

ऑनलाइन ओळखीत पात्रामागचा माणूस कोण आहे हे दिसत नाही, हे पालकांनी आणि लहान खेळाडूंनी खास लक्षात ठेवावं. पात्राच्या गप्पांतून खरं नाव, शाळा, पत्ता विचारला जात असेल तर तिथेच थांबायचं आणि घरच्यांना व सूत्रधाराला सांगायचं. प्रौढांच्या गटात अल्पवयीन मुलांना घेऊ नये. कोणते विषय खेळात मुळीच नकोत आणि कोणते आडपडद्याने चालतील, हे नव्या माणसासह पुन्हा बोलून घ्यावं. गटात एक माणूस वाढला की ती यादीही बदलते. जॉन स्टाव्ह्रोपोलस यांनी सुचवलेलं एक्स-कार्ड लिहून खेळतानाही चालतं. कुणीही नुसतं 'एक्स' टाइप केलं की तो भाग वगळायचा आणि कारण विचारायचं नाही.

पट्टेबाजाच्या खेळाडूशी मी नीट बोलले. दोष काढायला नव्हे. धान्यवालीचं वाक्य त्याला जसंच्या तसं सांगितलं. तो बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "मला वाटलं होतं, मी काहीतरी घेऊन आलो पाहिजे." नव्या माणसाची ही ओढ खरी असते आणि तिची कदर केली पाहिजे. आम्ही तो प्रसंग सगळ्यांच्या संमतीने रद्द केला आणि खलिता पुन्हा कणगीत गेला. तो आता शिकलगार आहे. वेशीजवळ बसून धार लावतो. पहारेकऱ्याची तलवार, धान्यवालीचा विळा, कोळ्याची सुरी, सगळं त्याच्याकडे येतं, आणि धार होईपर्यंत माणसं त्याच्यापाशी बसून बोलतात.

तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक नवं पात्र सुरुवातीला कच्चं धरलं जातं. तीन-चार प्रसंग झाले की सूत्रधार खेळाडूशी एकट्याने बोलते आणि इतरांनाही विचारते. पात्र जमत नसेल तर तोवर त्याला गावाबाहेर जायला वाट ठेवलेली असते, म्हणजे खेळाडूला गट सोडावा लागत नाही. लमाणांच्या तांड्याबरोबर कुणालाही परगावी पाठवता येतं.