लांब नळी लावून समुद्राच्या तळाशी का जाता येत नाही?

प्रश्न : आम्ही बुऱ्हाणपूरचे, घर तापीकाठी. यंदा हिवाळ्यात दोन्ही मुलांना आणि आईला घेऊन समुद्रावर जायचा बेत आहे. मुलांनी व्हिडिओत कॅटामरान बोट आणि तोंडात नळी धरून मासे बघणारी माणसं पाहिली, तेव्हापासून घरात तोच हट्ट आहे. आमच्यापैकी कुणालाच धड पोहता येत नाही. नऊ वर्षांच्या मुलीचा प्रश्न असा, की कुंडी भंडाऱ्यात आपण जमिनीखाली इतकं खोल उतरलो तरी श्वास घेता आला; मग लांबच लांब नळी लावून समुद्राच्या तळाशी का जाता येत नाही? आणि आमचा प्रश्न, की हे सगळं आपल्याला कुठे, केव्हा आणि कसं करता येईल?
— एक वाचक, बुऱ्हाणपूर

उत्तर : आधी मुलीच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

कुंडी भंडारा १६१५ च्या सुमाराचा, अब्दुल रहीम खानखानान याच्या काळातला. सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून उताराने बुऱ्हाणपूर शहराकडे आणलं आणि त्या बोगद्यावर ठरावीक अंतराने उभ्या विहिरी, म्हणजे कुंड्या, खोदल्या. सुमारे ऐंशी फूट खाली उतरल्यावरही तिथे तुमच्या छातीभोवती हवाच असते, आणि ती हवा वरच्या हवेशी कुंडीतून थेट जोडलेली असते. बाहेरचा दाब आणि फुप्फुसातला दाब सारखाच, म्हणून श्वास सहज चालतो.

समुद्रात तसं नाही. तिथे छातीभोवती पाणी असतं आणि पाणी फार जड. एक मीटर खोलीवर ते शरीराच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर सुमारे १०० ग्रॅमचा जादा भार टाकतं. छातीचा पुढचा भाग तीस बाय तीस सेंटीमीटर धरला, तर ९०० चौरस सेंटीमीटर झाले, म्हणजे नव्वद किलो. नळीतून येणारी हवा मात्र वरच्या, साध्या दाबाची. म्हणजे मोठ्या माणसाने एक मीटर खाली जाऊन नळीतून श्वास घ्यायचा, तर दर श्वासाला छातीवर बसलेला एक धिप्पाड माणूस त्याने उचलायचा. बरगड्यांच्या स्नायूंना ते पेलत नाही.

दुसरं कारण नळीतच आहे. आपण सोडलेला श्वास सगळाच्या सगळा बाहेर जात नाही, थोडा नळीत अडकून राहतो आणि पुढच्या श्वासाला तोच पहिल्यांदा आत येतो. दोन सेंटीमीटर व्यासाची, दोन मीटर लांबीची नळी घेतली तर तिच्यात सव्वासहाशे मिलिलिटर हवा मावते. मोठा माणूस शांतपणे घेतो तो एक श्वास साधारण पाचशे मिलिलिटरचा. म्हणजे ताजी हवा तोंडापर्यंत पोहोचणारच नाही, आपलीच वापरलेली हवा आत-बाहेर होत राहील. म्हणून बाजारातली नळी जेमतेम पस्तीस-चाळीस सेंटीमीटरची असते. लहान मुलांचा श्वास तर याहून पुष्कळ कमी, म्हणून त्यांची नळी आखूड आणि अरुंद हवी. मोठ्यांची नळी मुलांच्या तोंडात देऊ नये, ते या हिशेबामुळे.

मुलगी चौकस आहे, तेव्हा पुढचा प्रश्न हत्तीचा येईल. हत्ती तर सोंड वर काढून खोल नदी पार करतो! हा प्रश्न जुना आहे. ॲरिस्टॉटलनेही पाणबुड्यांच्या श्वासनळीची तुलना हत्तीच्या सोंडेशी केली होती. आपल्या फुप्फुसाभोवती दोन पातळ पडदे असतात आणि त्यांच्यामध्ये एक नाजूक पोकळी असते. दाबातला एवढा फरक तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांना सोसत नाही. हत्तीच्या शरीरात ही पोकळीच नसते, तिच्या जागी चिवट तंतूंचा थर असतो. म्हणून त्याला जमतं ते आपल्याला जमत नाही. पाणबुडे पाठीवर टाकी घेऊन खाली जातात, कारण तिला जोडलेलं यंत्र भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची हवा देतं. झाक-ईव कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी ते १९४३ मध्ये फ्रान्समध्ये तयार केलं. अशा टाकीच्या बुडीला स्कूबा म्हणतात आणि दहा वर्षांखालच्या मुलांनी समुद्रात ते करू नये.

थोडक्यात, तुमच्या मुलीला सांगा की ही नळी खाली जाण्यासाठी नाहीच. ती वर राहण्यासाठी आहे. पालथं तरंगायचं, चेहरा पाण्यात, नळीचं टोक हवेत; यालाच स्नॉर्कलिंग म्हणतात. लाइफ जॅकेट घातलेल्या आणि पोहता न येणाऱ्या माणसालाही स्नॉर्कलिंग करता येतं, ते यामुळेच.

आता जागा. तुमच्यासाठी मी मालवण सुचवेन. भुसावळ-कल्याणमार्गे कोकण रेल्वेने कुडाळला उतरायचं, तिथून मालवण रस्त्याने तीसेक किलोमीटर. कुरटे बेटावरच्या ज्या सिंधुदुर्गाची पायाभरणी शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये केली, त्याच्या तटाजवळच्या खडकांवर प्रवाळ आहे आणि स्नॉर्कलिंग तिथेच चालतं. हा सगळा परिसर १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. लहान होडीतून किल्ल्याच्या बाजूला नेतात, पाण्यात उतरवतात, हातात धरायला रिंग देतात आणि वाटाड्या ती रिंग धरून तुम्हाला हळूहळू फिरवतो. जाहिरातीतलं निळंशार पाणी इथे मिळणार नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. इथलं पाणी हिरवट असतं. पण चेहरा पाण्यात घातला की पिवळसर अंगावर काळे पट्टे ओढलेल्या माशांची झुंड अगदी नाकापाशी येते. मास्कच्या काचेआडून पाण्यातल्या वस्तू आहेत त्याच्या पाव अंतराने जवळ आणि सुमारे एक तृतीयांशाने मोठ्या दिसतात, त्यामुळे मुलं हात पुढे करतात आणि मासा अजून हातभर लांबच असतो. पहिल्या मिनिटाला भीतीने ताठ झालेलं मूल त्या एका क्षणात सैल पडतं. हे मी माझ्या भाच्याच्या बाबतीत पाहिलं आहे आणि त्याचा तो नळीतून आलेला आनंदाचा हुंकार अजून कानात आहे.

केव्हा जायचं, याचं उत्तर तुमच्या घरच्या कालनिर्णयमध्ये आहे. पावसानंतर राजघाटावर तापीचं पाणी किती दिवस गढूळ असतं, ते तुम्हाला ठाऊकच आहे. मालवणच्या किनाऱ्यावर कर्ली आणि गड या नद्या तसाच गाळ आणतात. तो बसायला वेळ लागतो, म्हणून दिवाळीनंतरच निघा; डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. तिथी बघायची ती अष्टमीच्या आसपासची. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती असते, पाणी जोरात चढतं-उतरतं आणि तळाची वाळू ढवळते. अष्टमीला भांगाची भरती, म्हणजे ओढ कमी आणि पाणी त्यातल्या त्यात नितळ. तिथीच्या पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे. अष्टमीला साधारण सहा. सकाळी वारा पडलेला असतो, तेव्हा आठ-नऊच्या सुमारास पाण्यात असलात तर बरं. मे महिन्याच्या सुट्टीत गर्दी आणि वारा दोन्ही वाढतात, आणि मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत जलक्रीडा बंदच असतात. २४ मे २०२२ रोजी मालवणजवळच्या तारकर्लीला स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला होता. त्या दिवसांत समुद्र फिरू लागतो, हे विसरू नका.

जॅकेटबद्दल मला जरा जास्तच सांगायचं आहे. भाच्याबरोबरच्या त्या सहलीत एका बोटवाल्याने सात वर्षांच्या त्या पोराला मोठ्या माणसाचं जॅकेट चढवलं आणि पट्टे करकचून आवळले. किनाऱ्यावर ते ठीक दिसलं. मी खांद्यापाशी धरून ते वर ओढलं, तर पोराची हनुवटी आणि तोंड आत गडप झालं. पाण्यात जॅकेट वर येतं आणि मूल खाली घसरतं, नेमकं हेच तेव्हा घडलं असतं. "काही होत नाही हो," असं उत्तर मिळालं. आम्ही त्या बोटीत बसलो नाही, दुसरीकडे लहान मापाचं मिळालं तेव्हाच गेलो. तुम्हीही प्रत्येक मुलाचं जॅकेट असं ओढून बघा. मांड्यांमधून जाणारा पट्टा असेल तर उत्तम. आणि जेट्टीवरून होडीत पाय ठेवण्यापूर्वी ते अंगात हवं. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईच्या गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली, तेव्हा अनेकांच्या अंगात जॅकेट नव्हतं. असा अपघात जॅकेट शोधायला वेळ देत नाही.

मास्कची सवय मात्र घरीच करता येईल. पट्टा न लावता मास्क नुसता चेहऱ्याला टेकवून नाकाने श्वास आत ओढायचा. हात सोडल्यावर तो चिकटून राहिला तर माप बरोबर. एक केस जरी कडेखाली अडकला तरी पाणी शिरतं, आणि वडीलधाऱ्यांच्या मिशांनाही हाच नियम. मग मोठी बादली किंवा टब भरून, मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली, मुलीला चेहरा पाण्यात घालून फक्त तोंडाने शंभर श्वास मोजायला लावा. नाकाने श्वास घ्यायची सवय मोडणं हेच या सगळ्यातलं अवघड काम आहे आणि ते समुद्रात शिकायची गरज नाही. तापीच्या डोहात मात्र हा सराव अजिबात नको.

राहिली कॅटामरान. तुम्हाला पाहिजे आहे ती चैनीची, शिडाची, जाळीवर पाय पसरून बसायची बोट मालवणच्या या सफरीत मिळत नाही, तिथे साध्या होड्याच आहेत. पण हा शब्द आपल्याच देशातला आहे. तमिळमध्ये कट्टु म्हणजे बांधणं आणि मरम म्हणजे लाकूड. कट्टुमरम म्हणजे ओंडके दोराने बांधून केलेला कोळ्यांचा तराफा. दोन होड्या शेजारी-शेजारी जोडून महासागर ओलांडणारे दर्यावर्दी होते पॅसिफिकच्या बेटांवरचे, पण युरोपीयांनी त्यांच्या जोडनावेला नाव लावलं ते तमिळ. ती सहजासहजी कलंडत नाही, कारण तिची बैठक रुंद असते. फतकल मांडून बसलेल्या माणसाला ढकलून पाडणं अवघड, तसंच. कोकणातल्या होडीला एका बाजूला आडव्या काठ्यांवर लाकूड बांधलेलं दिसतं, त्याला उलांडी म्हणतात. तीही याच युक्तीची. मुलांना मालवणच्या किनाऱ्यावर ती जरूर दाखवा.

कॅटामरानमध्ये बसायचंच असेल तर जाताना मुंबईत एक दिवस थांबा. गेटवे ते मांडवा या फेऱ्यांत कॅटामरान असतात, तासाभराचा प्रवास असतो आणि कुणाला बोट लागते हेही त्यात कळून येतं. ज्याला मळमळेल त्याने मागच्या बाजूला मध्यभागी बसावं आणि मोबाइलकडे न बघता क्षितिजाकडे बघावं. पुढे कधी ऐपत आणि सवड झाली तर अंदमान आहेच. श्रीविजयपुरम, म्हणजे कालचं पोर्ट ब्लेअर, तिथून स्वराज द्वीपला मोठ्या कॅटामरान दीड-दोन तासांत नेतात आणि तिथल्या एलिफंट बीचवरचं पाणी मालवणपेक्षा कितीतरी स्वच्छ आहे. न भिजता प्रवाळ पाहायचं असेल, तर काचेच्या तळाच्या बोटीही अंदमानात आहेत. आईंना त्या आवडतील. मालवणला त्यांनी होडीत बसून किल्ला बघावा. दमा किंवा हृदयाचा त्रास असलेल्या कुणीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नळी तोंडात धरू नये.

शेवटी एक विनंती. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, तो जिवंत प्राण्यांचा समूह आहे. त्यावर उभं राहू नका, आधाराला हात लावू नका, आठवण म्हणून तुकडा उचलू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याला वाघाइतकंच संरक्षण आहे. उन्हासाठी अंगभर क्रीम थापण्याऐवजी मुलांना पूर्ण बाह्यांचे घट्ट सदरे घाला. क्रीममधल्या काही रसायनांनी प्रवाळाला इजा होते, म्हणून हवाईत २०२१ पासून तशा क्रीमच्या विक्रीवर बंदी आहे.

आणि मुलीला एवढं सांगा, की तिच्या घरासमोरून वाहणारी तापी सुरतेपाशी ज्या समुद्राला मिळते, त्याच अरबी समुद्रात ती चेहरा घालणार आहे. परत आल्यावर पहिला मासा कुठला दिसला, ते तिने स्वतःच्या अक्षरात आम्हाला कळवावं.