चिखलात टिकलेली अक्षरे

उद्देश : इतिहास हा केवळ राजे व लढाया यांचा नसून सामान्य माणसांच्या नित्य व्यवहाराचाही असतो, ही गोष्ट मुलांच्या मनावर ठसविणे.

विवेचन : रोमन साम्राज्य म्हटले की सम्राट, सैन्य व भव्य इमारती डोळ्यांपुढे उभ्या राहतात. परंतु त्या काळचे सैनिक थंडीत काय घालीत, स्त्रिया एकमेकींना काय लिहीत, हे दगडी इमारती सांगू शकत नाहीत. इंग्लंडच्या उत्तरेस विंडोलांडा येथे रोमन सैन्याचे ठाणे होते. तेथील चिखलाने मात्र या गोष्टी जपून ठेवल्या.

सन १९७३ मध्ये रॉबिन बर्ली या पुरातत्त्वज्ञास तेथे लाकडाचे अत्यंत पातळ पापुद्रे सापडले. त्यांवर शाईने लिहिलेले होते. हवा लागताच अक्षरे फिकी पडू लागली. तेव्हा अवरक्त किरणांच्या साहाय्याने छायाचित्रे घेऊन ती वाचण्यात आली. हे लेखन इ. स. १०० च्या सुमाराचे आहे. ओल्या, दडपलेल्या मातीत प्राणवायू पोहोचला नाही, म्हणून लाकूड कुजले नाही.

एका पत्रात पायमोजे, चपला व आतील वस्त्रे पाठविल्याचा उल्लेख आहे. दुसऱ्या पत्रात क्लॉडिया सेव्हेरा ही अधिकाऱ्याची पत्नी आपल्या लेपिडिना नावाच्या मैत्रिणीस ११ सप्टेंबर रोजी वाढदिवसाचे आमंत्रण देते. मुख्य मजकूर लेखनिकाचा असला, तरी शेवटच्या प्रेमळ ओळी तिने स्वतः लिहिल्या आहेत. स्त्रीच्या हातचे लॅटिन लेखन म्हणून ज्ञात असलेल्या अतिप्राचीन नमुन्यांत त्यांची गणना होते.

शिक्षकांस विशेष जवळचा वाटेल असा एक हजेरीचा तक्ताही मिळाला आहे. एका पलटणीच्या पटावर ७५२ माणसे होती; त्यांपैकी ४५६ इतरत्र गेलेली व २९६ ठाण्यावर हजर. हजर असलेल्यांत १५ आजारी, ६ जखमी व १० नेत्रविकाराने पीडित. म्हणजे कामास योग्य असे २६५ उरले.

आणखी एका पापुद्र्यावर व्हर्जिल कवीच्या महाकाव्यातील एक ओळ कच्च्या हाताने उतरविलेली असून तिच्यापुढे निराळ्या हस्ताक्षरात एका शब्दाची आद्याक्षरे आहेत. ‘आळसाने केलेले’ असा त्यांचा अर्थ लावून तो गुरुजींचा शेरा असावा, असे काही अभ्यासक मानतात. हे अनुमान खरे असेल, तर त्या मुलाचे नाव, वय, पुढील आयुष्य सारे लोपले. उरला तो एवढा शेरा. वहीवर शेरा लिहिताना शिक्षकाने हे ध्यानी ठेवावे.

वर्गकार्य :
१. वरील हजेरीचे आकडे फळ्यावर मांडून मुलांकडून बेरीज-वजाबाकीचा ताळा करून घ्यावा.
२. वाळक्या पानाचे दोन तुकडे घ्यावेत. एक ओलसर मोकळ्या मातीत पुरावा व दुसरा पाण्याने भरलेल्या, घट्ट झाकणाच्या बरणीत चिखलाखाली ठेवावा. दोन महिन्यांनी दोहोंची तुलना करावी.
३. घरातील जुनी पत्रे, पावत्या किंवा हिशेबाच्या वह्या वडीलधाऱ्यांच्या अनुमतीने पाहून, त्यांवरून त्या काळाविषयी काय कळते ते प्रत्येक मुलाने पाच वाक्यांत लिहावे.

तिसरे कार्य सर्वांत महत्त्वाचे समजावे. घरच्या फडताळातील कागदही इतिहासाचे साधन आहे हे मुलास एकदा उमगले, म्हणजे पाठाचा हेतू सफल झाला.