ऊस उतरविण्याची क्रेन घेताना
(ऊस विकास अधिकारी यांजकडून)



क्रेन हा ऊस विकास खात्याचा विषय नव्हे, असे काहीजण म्हणतील. पण यार्डात गाड्या तुंबल्या की बोलणी आमच्याच खात्याला बसतात, आणि वाळतो तो तुमचा ऊस. शिवाय सर्वसाधारण सभेत "एवढा पैसा क्रेनला कशाला, भावात द्या की" असा प्रश्न हमखास येतो. प्रश्न रास्त आहे. म्हणून क्रेनचे टेंडर समोर आले तर त्यात काय बघावे, एवढे येथे सांगतो.

आधी पैशाचेच बघू. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलला ३५५ रुपये एफआरपी ठरली. त्यावर दर ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे वाढ, आणि खाली साडेनऊ टक्क्यांपर्यंत तितकीच कपात. म्हणजे टनामागे ३४ रुपये ६० पैसे. २,५०० टनी कारखाना १२० दिवस चालला तर ३ लाख टन गाळप होते. उतारा नुसता ०.१ ने घसरला तरी १ कोटी ३ लाख ८० हजार रुपये गेले. तोडलेला ऊस २४ तासांत गाळला जावा असे आम्ही दरवर्षी सांगतो. काट्यावर जाण्याआधी तो उन्हात उभा राहिला की वजन घटते आणि आतली साखरही मोडते. वजनाचा तोटा ज्याचा त्याला, उताऱ्याचा सगळ्यांना.

आता हिशेब. २,५०० टन म्हणजे ताशी सुमारे १०४ टन. एका उचलीत ५ टन ऊस, आणि उचलून, सरकवून, गव्हाणीत टाकून परत यायला ४ मिनिटे धरली, तर तासाला १५ उचली, ७५ टन. एक क्रेन पुरत नाही. दोन घेतल्या तर १५०. त्यातली एक बंद पडली तर दर तासाला २९ टन तुटवडा, आठ तासांच्या पाळीत २३२ टन. टायरगाडीत अडीच टन धरले तर ९० च्या वर गाड्या खोळंबल्या. बैल उभे, मजूर उभे. म्हणून क्रेनची किंमत विचारण्याआधी तिची एक फेरी किती मिनिटांची, ते विचारावे.

दुसरी गोष्ट, हुकावरचे वजन म्हणजे उसाचे वजन नव्हे. १० टनी क्रेनला ३ टनाचा पंजा लावला तर ऊस ७ टनच उचलायचा. दर तुलना करताना ही गोष्ट हटकून निसटते.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे कामाचा वर्ग. क्रेनच्या यंत्रणेचे एम १ ते एम ८ असे वर्ग असतात. वजन तेच, पण दिवसाला दोन उचली करणारी क्रेन वेगळी आणि रात्रंदिवस ३०० उचली करणारी वेगळी. लग्नाकार्याला जुंपायचा बैल आणि नांगराचा बैल, दोघे दिसायला सारखेच! यार्डातल्या क्रेनला हंगामभर उसंत नाही, वर पाचट आणि धूळ. तिला वरचाच वर्ग पाहिजे: मोटर, ब्रेक, गिअर, दोर सगळे त्या बेताचे. मिल हाऊसमधली क्रेन उलट. तिचे खरे काम बिगरहंगामात, रोलर काढण्या-बसविण्याचे. उचली मोजक्या, पण वजन मोठे आणि रोलर अलगद बेअरिंगवर बसला पाहिजे. तेथे हलका वर्ग चालतो, मात्र अगदी सावकाश गती हवी. दोन्हीकडे एकाच जातीची क्रेन घ्या म्हणणारा विक्रेता आपले नव्हे, स्वतःचे काम सोपे करतो.

गर्डर एक की दोन? कमी वजनाला आणि कमी अंतराला एक पुरतो आणि स्वस्त पडतो. दोन गर्डरच्या क्रेनमध्ये हूक गर्डरांच्या मधून वर जातो, त्यामुळे त्याच छपराखाली उंची जास्त मिळते. ट्रॉलीच्या कडेवरून मोळी ओलांडली पाहिजे, हे ध्यानात ठेवून उंची मोजावी.

आता आपल्या मातीबद्दल. पैठण-गंगापूरकडची काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, हे तुम्हांला मी सांगायला नको. क्रेनचे खांब त्या मातीत उभे केले तर दोन-चार वर्षांत रूळ वाकडे होतात, चाकांच्या कडा घासतात आणि दोष मात्र क्रेनला. पाया मुरमापर्यंत गेलाच पाहिजे. खांबावरचा भारही सारखा नसतो. कावडीतले ओझे एका टोकाला सरकवले की त्या बाजूच्या खांद्यावर येते, तसे ओझे एका कडेला गेले की बहुतेक भार त्याच बाजूच्या खांबांवर. पायाचा खर्च क्रेनच्या दरात धरलेला नसतो; तो वेगळा मागून घ्यावा.

क्षमता ठरविताना नाथसागराकडेही बघावे. २०१६ च्या उन्हाळ्यात धरण मृतसाठ्यावर गेले होते. पुढेमागे ५,००० टन गाळू या आशेवर आजच दुप्पट क्रेन घेणे मला पटत नाही. गॅन्ट्रीची लांबी वाढवायला जागा ठेवावी, क्रेन मागाहून वाढविता येते.

दुरुस्तीचे म्हणाल तर वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथील कारखान्यांत अशा क्रेनवर काम केलेली आपलीच मुले आहेत. त्यांना विचारून बघा, दोर आणि ब्रेकचे लायनर हे दोन सुटे भाग आधी संपतात असे सांगतील. ते हंगामाआधी गोदामात पाहिजेत, टेंडरमध्येच लिहून घ्यावे.

सुरक्षिततेचे नियम जुने आहेत. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या २९ व्या कलमाने क्रेनवर सुरक्षित वजन लिहिणे, जाणकाराकडून वर्षातून किमान एकदा कसून तपासणी आणि रुळालगत माणूस काम करीत असता क्रेन ६ मीटरच्या आत न आणणे, हे बंधन घातले होते. मोळी लोंबकळत असताना तिच्याखालून बैल हाकणारे मी दर हंगामात पाहतो. तसेच ट्रॉली भरताना तळाशी टाकायच्या दोराची तार तुटून बाहेर आलेली दिसली तर तो दोर वापरू नका. गट ऑफिसात परत द्या आणि दुसरा मागून घ्या.