पाटल्या गहाण टाकण्याआधी

चि. सुहास यास मामाचे अनेक आशीर्वाद.

काल मामीकडून कळलं की भजनी मंडळासाठी तू दोन टॉप, दोन बेस घेतोयस आणि त्यासाठी ताईच्या पाटल्या पतपेढीत ठेवणार आहेस. ताईला विचारलं तर तिने फणसांचा विषय काढला. म्हणजे खरंच असणार.

अरे, मंडळ सात जणांचं, देवळाच्या मंडपात माणसं मावतात दीडशे. 18 इंची बेस मिरवणुकीला ठीक. धुमेला कणीक नीट बसली की पखवाज आपसूक घुमतो. 12 इंची दोन पॉवर्ड स्पीकर, छोटा मिक्सर, तीन माईक: बुवाला, पेटीला, पखवाजाला. झांजेला माईक नको, ती तशीही सगळ्यांवर चढते. उघडे माईक दुप्पट केलेस की शिट्टी 3 डेसिबल आधी येते. स्पीकर तुमच्या पुढे, श्रोत्यांच्या डोक्यांवर, स्टँडवर हवेत. मॉनिटर माईकच्या बरोब्बर पाठीमागे ठेव; कार्डिऑइड माईक तिकडचं सर्वांत कमी ऐकतो. 1966 पासून चालत आलेला शुअरचा एसएम 58 तुला पुरे, फक्त जाळी मुठीत धरू नकोस. आणि हे सगळं आधी भाड्याने आणून एक बारी करून बघ. भाड्याला पाटल्या लागत नाहीत.

डबलबारीत समोरच्यांचे बेस बघून तुझा जीव जळला असणार. कळतं रे. तुझ्या वयात माझी पेटी सुटली. मुंबईत एका खोलीत आम्ही सहा जण, वाजवणार कुठे? तात्या दर सप्त्याला बोलवायचे, मी रजा नाही म्हणून कळवायचो. ते गेले, आणि त्यांचा आवाज कुणी टेपसुद्धा करून ठेवला नाही. तुझा गळा त्यांच्यावर गेलाय. मॉनिटर नीट नसला की गाणारा नकळत ओरडतो, म्हणून पैसे टाकायचे तर तिथे टाक.

पाटल्या तात्यांनी भाताचं खळं विकून केल्या होत्या, ते तुला कुणी सांगितलं नसेल. ठेवल्याच असशील तर पावती मला पाठव, सोडवू. स्पीकरचे निम्मे पैसे मी देतो, परत करायचे नाहीत. बारीच्या रात्री उपाशी गाऊ नकोस, थोडी पेज घे.

आणि ताईवर चिडू नकोस. तिने खरंच काही सांगितलं नाही.

तुझा,
मामा