मोजून लावा, मोजून काढा

1998 सालचे गणपतीचे दिवस. गिरगावातल्या एका चार मजली इमारतीची लिफ्ट मधेच अडत होती. मी कंट्रोल पॅनेलमध्ये दारांच्या सर्किटवर जंपर लावला. दारांचं सर्किट वगळणारी वीतभर वायर, बस्स. लिफ्ट न अडता चालली, म्हणजे दोष दारांतच. तिसऱ्या मजल्यावरच्या डोअर लॉकचा कॉन्टॅक्ट झिजला होता, तो बदलला. घरोघरी पाहुणे, खालून सारखी हाक, "झालं का हो?" घाईघाईने पॅनेल बंद केलं. जंपर आतच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक आजोबा आत पाऊल टाकत होते. वर कुणीतरी बटण दाबलं आणि दार उघडं असतानाच लिफ्ट चढू लागली. सुनेने त्यांना मागे ओढलं. काठी मात्र अडकून मोडली. तिचे दोन तुकडे हातात घेतले तेव्हा माझे हात थरथरत होते.

दारं, स्टॉप स्विच, वेगावर लक्ष ठेवणारा गव्हर्नर यांची एकच साखळी असते. एक कडी सुटली की मोटर थांबते, ब्रेक लागतो. ही साखळी बाजूला सारण्याची मुभा फक्त आपल्याला, मेकॅनिकांना असते, म्हणून ती पुन्हा जोडल्याची खात्रीही आपणच करायची.

तेव्हापासून माझ्याकडे तीनच जंपर असतात. लांब, लाल, नंबर घातलेले. पॅनेल बंद करण्याआधी तिन्ही हातात हवेत. मग प्रत्येक मजल्याचं दार उघडून बटण दाबायचं. लिफ्ट हलता कामा नये.

खात्रीचा हाच नियम टपावरही. लिफ्टच्या टपावर चढण्याआधी बाहेरूनच हात घालून स्टॉप स्विच दाबा, दार लावा, बटण दाबून लिफ्ट हलत नाही ना ते बघा. मग मजल्यांवरची बटणं बंद करणारा इन्स्पेक्शन स्विच टाका, स्टॉप सोडा, दार लावून पुन्हा तीच परीक्षा. स्टॉप परत दाबूनच पाय ठेवा. रिकाम्या लिफ्टपेक्षा काउंटरवेट जड असतं. ब्रेक सुटला तर ती खाली नाही, वर जाते आणि टपावरचा माणूस छताशी चिरडला जातो. वीज तोडून काम करायचं असेल तर मेन स्विचला स्वतःचं कुलूप लावा, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा.

रहिवाशांनो, मेकॅनिक काम करत असताना घाई करू नका. आणि मेकॅनिक मित्रांनो, कुणी "झालं का?" विचारलं तर आधी जंपर मोजा, मग उत्तर द्या.