अतिपातळ मोबाईल फोन : काय मिळते आणि काय सोडावे लागते



या पानावर आपण एरवी लागण, बेणे, खत आणि खोडवा यांविषयी बोलतो. या वेळचा विषय जरा निराळा आहे, पण तो शेवटी उसाच्या बिलालाच येऊन भिडतो, म्हणून मुद्दाम घेतला आहे.

दिवाळीच्या तोंडावर पसरणी घाटाच्या पायथ्याकडचे एक जुने सभासद गट कार्यालयात आले. सगळे त्यांना आबा म्हणतात. बरोबर त्यांचा मुलगा होता. तोच आता शेती बघतो. मुलाचा चुलतभाऊ पाचगणीला एका हॉटेलात कामाला आहे. त्याने नुकताच एक अतिपातळ फोन घेतला होता आणि तो बघून आल्यापासून या पोराचा जीव त्यातच अडकला होता. आबा म्हणाले, "साहेब, ह्यो फोन म्हणायचा का पापड? खिशात हाय का न्हाई तेबी कळंना. पोरगं म्हणतंय, बिलातनं असलाच घिऊया. आता तुमीच सांगा, घिऊ का नको?"

मी त्यांना लगेच उत्तर दिले नाही. आठ-पंधरा दिवस माहिती जमवली, तो फोन एक दिवस शेतातही चालवून पाहिला. त्यातून जे समजले ते खाली देत आहे.

बारीकपणाची हौस जुनीच

पातळ फोन ही आजची टूम नव्हे. २००४ साली मोटोरोलाचा रेझर हा घडीचा फोन आला. त्याची जाडी १३.९ मिलिमीटर होती आणि त्या काळी लोक त्याला बारीक म्हणत. २०१४ साली विवो कंपनीने एक्स-५ मॅक्स हा अवघ्या ४.७५ मि.मी. जाडीचा फोन काढला. त्याच वर्षी आलेला आयफोन-६ हा ६.९ मि.मी. जाड होता. पण पुढे फोन पुन्हा जाड होत गेले. २०२५ चा साधा आयफोन-१७ जवळपास ८ मि.मी. आहे. याचे कारण उघड आहे. गिऱ्हाइकाला दिवसभर पुरणारी बॅटरी आणि चांगला कॅमेरा हवा होता आणि या दोन्ही गोष्टी जागा खातात. २०२५ साली कंपन्यांनी बारीकपणाची शर्यत पुन्हा सुरू केली.

जाडी कमी केली की काय घडते?

हे समजायला शेततळे डोळ्यांसमोर आणा. तळ्याची लांबी-रुंदी तीच ठेवली आणि खोली कमी केली, तर पाणी कमी मावणार. फोनचेही तसेच आहे. पडदा मोठा हवा म्हणून लांबी-रुंदी कमी करता येत नाही. मग खोलीच कापावी लागते.

यात आणखी एक गोम आहे. पुढचा पडदा आणि मागची काच यांना ठरावीक जाडी लागतेच. उदाहरणादाखल धरा, की ८ मि.मी. जाड फोनात ३ मि.मी. पडदा व काचेत गेले. बॅटरीला ५ मि.मी. उरले. आता फोन ५.६ मि.मी. केला. पडदा आणि काच तेवढीच राहिली, तर बॅटरीच्या वाट्याला फक्त २.६ मि.मी. आले. फोनची जाडी तीस टक्के घटली, पण बॅटरीचा थर जवळजवळ निम्मा झाला. कंपन्या यावर युक्ती करतात. आतले भाग कॅमेऱ्याच्या उंचवट्यात सरकवतात आणि बॅटरी आडवी पसरतात. त्यामुळे घट निम्म्यापर्यंत जात नाही, पण ती पुरती भरूनही निघत नाही. जाहिरातीतला जाडीचा आकडा हा उंचवटा सोडून दिलेला असतो, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट उष्णतेची. फोन काम करू लागला की तापतो. अंग जाड असले तर ती ऊब पसरायला वाव असतो. पातळ फोनला तो वाव कमी. फार तापला की फोन स्वतःच आपला वेग आणि पडद्याचा उजेड कमी करतो.

बाजारातले आकडे

मे २०२५ मध्ये सॅमसंगचा गॅलॅक्सी एस-२५ एज आला. जाडी ५.८ मि.मी., वजन १६३ ग्रॅम, भारतातील सुरुवातीची किंमत १,०९,९९९ रुपये. बॅटरी ३,९०० एमएएच. एमएएच म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचे माप. आपल्या भाषेत तळ्याची साठवण. त्याच कंपनीच्या, तेवढ्याच पडद्याच्या एस-२५ प्लसची जाडी ७.३ मि.मी. आणि बॅटरी ४,९०० आहे. म्हणजे दीड मिलिमीटरपायी हजाराची साठवण गेली. शिवाय लांबचे जवळ दाखवणारे भिंग एजमध्ये नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये आयफोन एअर आला. जाडी ५.६ मि.मी., वजन १६५ ग्रॅम, सुरुवातीची किंमत १,१९,९०० रुपये. त्याच दिवशी जाहीर झालेला साधा आयफोन-१७ हा ७.९५ मि.मी. जाड, १७७ ग्रॅमचा आणि ८२,९०० रुपयांचा आहे. साठवणुकीची जागा दोन्हींत सारखीच. वजनातला फरक १२ ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक तोळा! या एका तोळ्यासाठी आणि सव्वादोन मिलिमीटरसाठी ३७,००० रुपये जादा द्यावे लागतात. एअरमध्ये पडदा थोडा मोठा आणि चिप वरच्या दर्जाची आहे, हे खरे. पण मागे कॅमेरा एकच आहे, आवाजाचा भोंगाही एकच आहे आणि बॅटरी लहान आहे. पाठीवर चिकटवायची जादा बॅटरी कंपनी वेगळी विकते. ती लावली की बारीकपणाची मजा संपलीच.

तिसरे उदाहरण स्वस्तातले. सप्टेंबर २०२५ मध्येच टेक्नो कंपनीने पोव्हा स्लिम हा ५.९५ मि.मी. जाडीचा फोन सुमारे वीस हजारांत आणला. त्याची बॅटरी ५,१६० एमएएच आहे. म्हणजे पातळ फोनात बॅटरी लहानच असते असे नाही. नव्या प्रकारच्या बॅटऱ्यांत कार्बनबरोबर सिलिकॉन वापरतात. त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त वीज मावते. मात्र या फोनला पाण्याच्या शिंतोड्यांपुरतेच संरक्षण आहे. वरचे दोन महागडे फोन पाण्यात पडले तरी काही वेळ तग धरतात. एकाने बॅटरी राखली तर पाण्यापासूनचे संरक्षण कमी केले, दुसऱ्याने संरक्षण राखले तर बॅटरी कमी केली. काही ना काही सोडावे लागतेच.

ते फोन वाकतील, मोडतील ही भीती मात्र फारशी खरी नाही. एज आणि एअर या दोन्हींना टायटॅनियम धातूची चौकट आहे.

एक दिवस घाटाखाली

पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंच. हवा थंड. आबांच्या पुतण्याचे काम हॉटेलच्या टेबलापाशी. चार्जर हाताशी, वायफाय डोक्यावर. त्याला मी विचारले, तर तो म्हणाला, "साहेब, मला एकदम झकास चालतो. खिशाला ओझं नाही, रात्रीपर्यंत पुरतो." तो खोटे बोलत नव्हता.

सुट्टीच्या दिवशी त्याला खाली बोलावले आणि ऊस नोंदीचे क्षेत्र तपासायला आमच्याबरोबर घेतले. कंपनीचे नाव इथे सांगत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नव्हे. सकाळी सातला फोन पूर्ण भरलेला होता. दिवसभर ठिकाण शोधणे, फोटो काढणे, उन्हात पडदा पूर्ण उजेडावर आणि मधून मधून आमच्या यंत्राला त्याचेच इंटरनेट. बाराच्या सुमारास फोन हाताला चटका देऊ लागला आणि पडदा आपोआप मंदावला. तीन वाजता बॅटरी लाल झाली. माझा जाडाभरडा फोन रात्रीपर्यंत टिकला. ही काही प्रयोगशाळेतली चाचणी नव्हे, एका दिवसाचा अनुभव आहे. पण एकच फोन घाटाच्या वर एक आणि घाटाच्या खाली दुसरा ठरतो, एवढे त्यातून कळले. आयफोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा, असे खुद्द ती कंपनी सांगते. एप्रिल-मे महिन्यात आपल्या रानात पारा किती चढतो हे आपण जाणताच.

आपल्या कामाच्या दृष्टीने

१. ई-पीक पाहणी : २०२१ पासून राज्यभर आपण पिकाची नोंद स्वतः फोनवरून करतो. शेतात उभे राहूनच फोटो काढावा लागतो. त्या वेळी बॅटरी संपलेली चालत नाही.

२. रोग-किडीचे फोटो : लोकरी मावा, तांबेरा किंवा पोक्का बोईंगची शंका आली की सभासद आम्हाला पानाचा फोटो पाठवतात. अगदी जवळून स्पष्ट फोटो निघाला तरच निदान करता येते. आयफोन एअरमध्ये अगदी जवळच्या फोटोची सोय नाही. एजमध्ये ती आहे. फोन घेताना हे दुकानातच करून बघावे.

३. सिमकार्ड : आयफोन एअरमध्ये कार्ड घालायची खाचच नाही. नंबर फोनच्या आतच बसवला जातो. तोडीचा निरोप, वजनाचा मेसेज, बँकेचा ओटीपी सगळे एकाच नंबरवर येतात. आज फोन बिघडला तर आपण कार्ड काढून घरातल्या बटणाच्या फोनात घालतो आणि काम भागवतो. तिथे ही सोय राहत नाही.

४. आयुष्य : अलीकडच्या चांगल्या बॅटऱ्या हजार वेळा पूर्ण भरल्यावर मूळ ताकदीच्या ८० टक्क्यांवर येतात असे धरू. तुमच्या कामाला दिवसाला ४,००० एमएएच लागतात. ३,२०० ची बॅटरी रोज सव्वा वेळा भरावी लागेल, तिचे हजार फेरे ८०० दिवसांत संपतील. ५,००० ची बॅटरी तेच काम १,२५० दिवस करील. म्हणजे सव्वा वर्षाचा फरक.

टनांचा हिशेब

२०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला टनास ३,५५० रुपये एफ.आर.पी. ठरवली. उताऱ्याप्रमाणे आणि तोडणी-वाहतूक वजा जाता प्रत्येकाच्या हाती वेगळी रक्कम पडते. हिशेबापुरते टनास ३,००० रुपये धरू. १,१९,९०० रुपयांचा फोन म्हणजे ४० टन ऊस. एकरी ४० टन काढणाऱ्याचे एका एकराचे अख्खे बिल! आणि त्यातून खत, पाणी, मजुरी अजून वजा केलेलीच नाही. साधा आणि पातळ यांतला ३७,००० रुपयांचा फरकच सव्वाबारा टनांचा होतो. वीस हजारांचा फोन साधारण पावणेसात टनांत बसतो.

मग घ्यावा कोणी?

ज्याचे काम सावलीत आहे, चार्जर जवळ आहे, ज्याला जड फोनाने मनगट दुखते आणि ज्याच्या खिशाला तो झेपतो, त्याने खुशाल घ्यावा. हौसेला मोल नाही, असे म्हणतात; पण हौस कर्ज काढून करू नये, एवढेच म्हणणे. ज्याचे काम रानात, मोटारसायकलवर आणि काट्याच्या रांगेत आहे, त्याने २०,००० च्या आसपासचा, ५,००० किंवा जास्त बॅटरीचा फोन घ्यावा. पातळ आहे की जाड, हा प्रश्न त्याने सर्वांत शेवटी विचारावा.

दुकानात जाल तेव्हा एवढे विचारा : बॅटरी किती? कार्ड घालता येते का? पाण्यापासून संरक्षण किती? अगदी जवळचा फोटो निघतो का? दुरुस्तीचे केंद्र साताऱ्याला, सांगलीला आहे का? आणि शेवटी फोनाला कव्हर घालून हातात धरून बघा. बहुतेक जण कव्हर घालतातच, आणि कव्हर घातले की कमावलेला बारीकपणा बराचसा त्यातच जातो.

फुले २६५ ही जात आपण चोपण जमिनीत घेतो, कारण तिथे ती तग धरते आणि टनेजही देते. पण हंगामाच्या सुरुवातीला तिचा उतारा कमी पडतो, हे माहीत असूनच घेतो. जात वाईट नसते, जमीन बघून निवडावी लागते. फोनाचेही तेच आहे.

आबांना मी हे सगळे मुलासमोरच सांगितले. मुलगा जरा हिरमुसला, पण टनांचा हिशेब त्याने स्वतः कागदावर पुन्हा मांडला. त्या आठवड्यात त्याने अठरा हजारांचा जाडसर फोन घेतला. पुतण्याचा पातळ फोन पाचगणीत छान चालू आहे. दोघेही आपापल्या जागी खूश आहेत.

तरी सभासद बंधूंनी बिलाची रक्कम हाती पडताच आधी खोडव्याचे खत आणि सोसायटीची बाकी बघावी. मग फोनाचे दुकान बघावे, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी